शेषेराव कंडक्टर आणि चांदरीचं पाणी

मुखेडात आमच्या शेषेरावांना कुणी आडनावानं ओळखत नाही. एसटीतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी ते शेषेराव कंडक्टरच. देगलूर, नांदेड, लातूर अशा रस्त्यांवर त्यांचा जन्म गेला, आणि त्या जन्मात एकच काळजी त्यांना लागून राहिली : गाडीत जेवढी डोकी, तेवढी तिकिटं. ही काळजी काही पेन्शनीत निघत नाही. एका लग्नात पंगत बसली असताना ते मधूनच उठले आणि वाढप्याला म्हणाले, "या वळीत एक मानूस जास्तीचा हाय." खरंच होता. मीच होतो तो. आमंत्रण नवरदेवाकडचं होतं आणि बसलो होतो नवरीकडच्या पंगतीत, एवढाच काय तो माझा गुन्हा.

मी किशन. त्यांच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे, त्यामुळं त्यांच्या घरातलं मला त्यांच्या आधी कळतं. बायको म्हणते हे लक्षण बरं नाही. असेल.

शेषेराव गाडीत कितीही मोठे असोत, घरच्या डेपोच्या मॅनेजर गुणावैनी. आणि वैनींच्या जिवाचा तुकडा म्हणजे चांदरी म्हैस. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांदरी. ती वगार असताना तिची आई मेली, तेव्हा वैनींनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. लेकरागत वाढवली आणि लेकरागतच बिघडवली, असं शेषेरावांचं मत.

यंदा उन्हाळ्यात चांदरीनं एक नवंच खूळ काढलं. परसात बोअर आहे, बोअरपासून लोखंडी पाइप सिमेंटच्या हौदापर्यंत आलाय. लाइट आली की मोटार लावायची, हौद भरायला लागायचा, आणि म्हशीला तिथंच पाणी दाखवायचं, ही रोजची रीत. चांदरी हौदापर्यंत यायची, नाक खाली न्यायची आणि फुस्स करून मागं सरायची. ओढलं तर चारी पाय रोवायची. आणि तेच पाणी बादलीत काढून गोठ्यात ठेवलं की घटाघटा प्यायची.

गल्लीत याच्यावर भरपूर विद्वत्ता झाली. कुणी म्हणालं नजर लागली; हौदाला काळा दोरा आणि लिंबू बांधून झालं. कुणी म्हणालं हौदात साप बघितला असंल तिनं. मी म्हणालो, "वैनी, चांदरीला आता बिसलेरी लागते." वैनी हसल्या नाहीत. रोज बादल्या वाहून त्यांची कंबर धरली होती. शेवटी एका सकाळी त्या गोठ्यातच खाली बसल्या, उठता येईना. त्या दिवशी शेषेरावांनी देगलूरच्या मलप्पांना फोन लावला. मलप्पा म्हशींचा व्यापार करतात. पुढच्या आठवड्यात येऊन चांदरीला घेऊन जायचं ठरलं.

वैनींनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. भाकर वाढायच्या, पण ताट जरा आवाज करून ठेवायच्या. चांदरीच्या मानेवर हात फिरवत गोठ्यात बसायच्या. भिंतीअलीकडं मला ऐकू यायचं. म्हशीशी मात्र त्या भरपूर बोलायच्या.

त्यातच लाइटबिल आलं आणि शेषेरावांचं डोकं दुसरीकडं वळलं. बिल वाढलं होतं. ते बिल हातात घेऊन भिंतीवरून माझ्याकडं बघायला लागले.

"किशन, तू माझ्या वायरीवर आकडा टाकून राहिलास का?"

"टाकला असता तर कूलर लावून झोपलो असतो," मी म्हणालो. "घाम बघा माझा."

"तपासावं लागंल."

"तपासा की. पन वायरीतून किती करंट चाललाय हे कसं दिसनार? तिकिट फाडून देतो का काय तो?"

तेव्हा त्यांनी सांगितलं की तसलं यंत्र मिळतं. क्लॅम्प मीटर. लाइटवाले त्याला टाँग टेस्टर म्हणतात. खेकड्याच्या नांगीसारखा वर जबडा असतो, तो वायरीभोवती मिटवायचा, की आतला करंट आकड्यात दिसतो. वायर कापायची नाही, सोलायची नाही, तिला हातसुद्धा लावायचा नाही. मला वाटलं, थापा. शेषेराव मला घेऊनच नांदेडला निघाले. आरोपीसमोरच पंचनामा झालेला बरा.

वजिराबादेतल्या दुकानदारानं काउंटरवर तीन मीटरं मांडली. आमचे कंडक्टर किती चिकट आहेत हे मला माहीत, त्यामुळं ते कोणतं उचलणार हे मी मनात ठरवून टाकलं होतं. त्यांनी सगळ्यात स्वस्त उचललं. उलटं केलं. जबड्याजवळ बोट फिरवलं.

"हे किती व्होल्टापर्यंत झेपतं, याच्यावर का लिहिलं न्हाई?"

"घरच्या कामाला चालतं की काका."

"घरातच मरायचं असतं जास्त करून," शेषेराव म्हणाले. मग त्यांनी त्या मीटरच्या व्होल्ट मोजायच्या वायरी हातात घेतल्या. पातळ होत्या, आणि टोकाची सळई बरीच उघडी. बोट घसरलं तर थेट सळईवर. ते त्यांनी बाजूला सारलं.

दुसऱ्यावर कॅट थ्री असं छापलेलं होतं. दुकानदार म्हणाला, मीटरबोर्ड, मोटारीची पेटी, असल्या ठिकाणी झटका जोरात येतो, तो सोसायची ताकद असलेल्या मीटरवर हा शिक्का असतो. वायरी जाड, आणि सळईच्या मागं बोट अडायला कडा. तिसरं महाग होतं. ते सोलरचा डीसी करंटसुद्धा मोजायचं.

"माझ्याकडं सोलर न्हाई," शेषेराव म्हणाले. "जिकडं जायचं न्हाई तिकडचं तिकिट कशाला?" आणि मधलं घेतलं. ज्या माणसानं आयुष्यात भाजीवाल्याकडून फुकटची कोथिंबीर सोडली नाही, त्यानं स्वस्त माल परत केलेला मी पहिल्यांदा पाहिला.

घरी आल्यावर मात्र तमाशा झाला. कूलर जोरात चालू, शेषेरावांनी कूलरच्या वायरीभोवती जबडा मिटवला, आणि आकडा आला शून्य. मिक्सर लावला, शून्य. इस्त्री तापून लाल, तरी शून्य.

"बघा," मी म्हणालो, "करंट कुठंच न्हाई. लाइटबिल वापस मागा."

शेषेरावांनी दुकानदाराला फोन लावला आणि एसटीतल्या सुट्ट्या पैशांच्या भांडणाचा आवाज काढला. तिकडून तो शांतपणे काहीतरी बोलत राहिला. शेषेरावांचा चेहरा बदलत गेला. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले.

"किशन, कूलरच्या केबलीत दोन वायरी असत्यात. एकीतून करंट जातो, दुसरीतून वापस येतो. दोन्ही मिळून जबड्यात घेतल्या की गेलेला आन् आलेला एकमेकाला मिटवून टाकत्यात. म्हनून शून्य. एकच वायर धरायची."

"मग?"

"मग काय. जेवढे चढले तेवढेच उतरले. एक न्हाई इकडं, एक न्हाई तिकडं." त्यांचा आवाज देवळातल्यासारखा झाला होता. "जन्मभर मी असली गाडी शोधून राहिलो, रे."

मग मोटारीची पाळी आली. मोटारीच्या पेटीकडं भिंतीवरून लाल आणि काळी अशा दोन सुट्ट्या वायरी जातात. शेषेराव कोरड्या फळीवर उभे राहिले, पायात रबरी चपला, एक हात पाठीमागं. पेटी उघडली नाही. नुसत्या लाल वायरीभोवती, तिच्या कोटावरून, जबडा मिटवला आणि मोटार लावली. आकडा उसळी मारून वर गेला आणि मग हळूहळू खाली येऊन थांबला. जे कुणी कधी बघितलं नाही, ज्याला हात लावला की माणूस राहत नाही, ते त्या काचेत गरीब गाईसारखं उभं होतं. माझी वायरही तपासून झाली. मी निर्दोष सुटलो. शेषेराव जरा हिरमुसले.

मग मलप्पा आले. शनिवार होता आणि नेमकी लाइटही आलेली. मोटार चालू होती, हौद भरत होता, परसात चिखल झाला होता. मलप्पा भलेमोठे गृहस्थ, गळ्यात लिंग, हातात नवीकोरी दोरी.

"शरणार्थी शेषेराव," त्यांनी लिंगायती नमस्कार केला. "म्हैस खाती-पिती बघून घेतो आन् निघतो."

वैनींनी चांदरीला आणलं. चांदरी हौदाजवळ आली, नाक खाली नेलं आणि सुई टोचल्यासारखी मागं उडाली.

"एन् री, एम्मे नीर कुडियल्ल?" मलप्पांच्या तोंडून घरची कानडीच आली. "म्हैस पानीच पीना की."

"बादलीत पिती," वैनी म्हणाल्या.

"मग बादली बी देता का संगं?"

शेषेरावांना वाटलं सौदा बिघडतोय. वेळ मारून न्यायला त्यांनी मीटर काढलं. पाहुण्याला चमत्कार दाखवायची हौस त्यांना पहिल्यापासून. फळीवर उभे राहून त्यांनी लाल वायर जबड्यात घेतली. "हे बघा मलप्पा, एवढा करंट मोटारीत चढला. आता दोन्ही वायरी मिळून धरतो. शून्य येनार. सगळे उतरले, गाडी रिकामी."

दोन्ही वायरी धरल्या. मलप्पा चष्मा सावरून वाकले.

"शून्य कुठाय? काय तरी हाय की हितं."

शेषेरावांनी जबडा उघडला, पुन्हा नीट मिटवला. आकडा तोच. एक अँपियरला जरा कमी.

मी चेष्टा करणार होतो. जीभ वळलेली होती. पण त्यांचा चेहरा बघितला आणि राहून गेलं. गाडी घाटात असताना मागच्या बाकावर कुणीतरी विनातिकीट बसलंय हे ज्याला वासावरून कळतं, तो चेहरा.

"जेवढे गेले तेवढे वापस आले न्हाईत," ते हळू म्हणाले. "मधीच कुठंतरी उतरून राहिलेत."

त्यांची नजर वायरीवरून बोअरकडं गेली, बोअरवरून लोखंडी पाइपाकडं, पाइपावरून हौदाकडं. हौदाशी चांदरी उभी होती, ओल्या चिखलात, अनवाणी. आपण सगळे रबरी चपलांवर. आणि मी? माझ्या चपला चिखलात रुतत होत्या म्हणून मी त्या काढून ठेवल्या होत्या, आणि पाय धुवायला हौदाच्या पाइपाकडं हात लांबवला होता.

"किशन, मागं सरक."

ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्या मराठवाड्याला 'पुढं सरका' म्हटलं, त्याच्या तोंडून ते शब्द इतके थंड निघाले की मी मुकाट मागं सरकलो. शेषेरावांनी घरात जाऊन मेन स्विच पाडला. मोटार बंद झाली. परसात एकदम सगळं शांत.

लाइटवाला दुपारी आला. बोअरच्या तोंडाशी बाहेरच्या लोखंडी नळीची, केसिंगची, उघडी धार होती. मोटार चालू झाली की केबल थरथरायची आणि त्या धारेवर घासायची. घासून घासून तिची कातडी गेली होती, आतली तार पाइपाला टेकत होती. मोटार चालू असली की पाइप, हौद, पाणी, सगळ्यात करंट उतरायचा. वाढलेलं बिलही त्याचंच. आम्हाला चपलांमुळं कळलं नाही. चांदरीला पहिल्या दिवशी कळलं होतं, आणि ती रोज आपल्या परीनं सांगत होती. आम्ही तिला लिंबू बांधत होतो.

लाइटवाल्यानं नवी केबल टाकली, केसिंगच्या धारेवर रबरी नळी चढवली, अर्थिंग घातलं, आणि करंट आडवाटेनं जायला लागला की आपोआप लाइन तोडणारा खटका बसवला. मलप्पा गेले नव्हते. बाजेवर बसून चहा पीत होते. दोरी मांडीवर.

मोटार लावली. शेषेरावांनी दोन्ही वायरी मिळून धरल्या. शून्य. तेवढ्यावर त्यांचं भागलं नाही. मीटरच्या वायरी लावल्या, चकती एसी व्होल्टावर फिरवली, आधी घरातल्या चालू प्लगात सळया घालून मीटर खरं बोलतंय का ते बघितलं. मग बोटं कडेच्या मागं ठेवून एक सळई पाइपाला आणि एक ओल्या मातीत. काही नाही. मग पुन्हा घरात जाऊन त्याच प्लगात.

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"मधल्या वेळेत मीटरच मेलं असंल तर? मेलेलं मीटर बी शून्यच दाखवतं."

मी जाऊन प्लगाचं बटण बंद केलं.

वैनींनी चांदरीला आणलं, पण हौदापासून चार हात लांबच थांबवलं. दोरी घट्ट धरली. आणि आठवडाभरानं नवऱ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"आदी तुमी."

"काय मी?"

"चपला काढा. चिखलात उभे ऱ्हावा, हौदात हात घाला. मग माझी म्हैस."

शेषेरावांनी एकदा मीटरकडं बघितलं, एकदा वैनींकडं. त्यांनी चपला काढल्या. धोतर वर खोचलं, चिखलात उतरले, आणि कोपरापर्यंत हात हौदात घातला. तसेच उभे राहिले. मलप्पांनी कप खाली ठेवला.

"गार हाय," शेषेराव म्हणाले.

वैनींनी दोरी सैल सोडली. चांदरी आली, नाक पाण्याच्या अगदी जवळ नेऊन थांबली. पाण्यावर तिच्या श्वासाची वर्तुळं उमटली. शेषेरावांनी दुसऱ्या तळव्यात पाणी घेऊन तिच्यापुढं धरलं. तिनं ते चाटलं, मग तोंड हौदात घातलं आणि प्यायला लागली. तिच्या गळ्यातून एकेक घोट खाली जाताना दिसत होता. मोटार चालू होती, तरी तो आवाज ऐकू येत होता.

मलप्पा उठले आणि म्हणाले, "मग माझी म्हैस?"

"म्हैस काय देऊन न्हाई राह्यले," वैनी म्हणाल्या. "ती दोरी चांगली हाय पन. ठेवून जावा."