सुनेची फौजेतली नोंद

मुदखेडच्या फलाटावर सून माझ्या अंगावर कलंडली ती पुन्हा उठली नाही. लष्कराच्या दवाखान्यातून आम्ही परत येत होतो. तिच्या हृदयाची झडप खराब होती. नांदेडच्या डॉक्टरनं ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं. माझा मुलगा फौजेत जवान. जवानाच्या बायकोवर त्या दवाखान्यात उपचार होतात. पण खिडकीवरच्या माणसानं तिचं आधार कार्ड पाहिलं, मुलाच्या कागदावरचं नाव पाहिलं आणि म्हणाला, "नावं जुळत नाहीत. नोंद दुरुस्त करून आणा."

चूक माझी. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो. ते मी निवडलं होतं. मुलानं फौजेत तेच लिहून दिलं, आधारवर माहेरचं राहिलं. चार वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

दुखणं निघालं तेव्हाच मी नांदेडला सैनिकांच्या कचेरीत गेले होते. तिथला बाबू निवृत्त हवालदार.

"मावशी, हे आमच्या हातात न्हाई. पोरानं कंपनीत अर्ज द्यायचा. कंपनी बटालियनला धाडते, बटालियन रेकॉर्ड ऑफिसला."

"आन् दिल्लीचं मंत्रालय?"

"ते तर लईच वर हाय."

"एवढे सगळे मिळून एक नाव लिहिना झाले व्हय?"

तो हसला. मला चहा पाजला.

मुलानं सीमेवरून अर्ज दिला. फोनवर सांगायचा, कागद बटालियनला गेला. महिन्यानं म्हणाला, रेकॉर्ड ऑफिसला गेला. तिथून प्रतिज्ञापत्र मागितलं, ते धाडलं. त्यावर कंपनीच्या साहेबाची सही नव्हती म्हणून सगळं परत खाली आलं. कुणी उर्मट बोललं नाही. ज्याला विचारावं त्याच्या वर आणखी एक साहेब होता.

इकडे सुनेला अंगण झाडताना धाप लागू लागली. मी म्हटलं, कागद येवो न येवो, जाऊ. गेलो, आणि खिडकीवरूनच फिरलो. गाडीत ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, पाणी द्या."

मुलाला सुट्टी मिळाली. तो पोचला तेव्हा राख सावडून झाली होती.

ती गेली. मी, मुलगा आणि तीन वर्षांची नात जिवंत आहोत.