लाल मातीवरचा उजवा पाय

हरणाबाईंचं नाव सांगलीतल्या आमच्या टेनिस क्लबाच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. नवरा तिथं माळी होता. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी त्याची पाण्याची नळी उचलली आणि कुणी नको म्हणालं नाही, एवढीच त्यांची नेमणूक. त्याला बावीस वर्षं झाली. पहाटे लाल मातीच्या दोन कोर्टांवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि खेळ संपला की गोणपाट ओढून सगळे ठसे पुसायचे. टेनिसचे गुण मात्र त्यांना शेवटपर्यंत पटले नाहीत. "पंधरा, तीस, आन मग चाळीस? मधलं पाच कुनी खाल्लं?" असं त्या विचारायच्या आणि खेळणाऱ्या मुली हसून लोळायच्या.

माझी राजेश्वरी त्या मुलींतलीच. चौदा वर्षांची. तिचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा आष्ट्याची ऊसशेती दिरांवर सोपवून आम्ही तिच्या खेळासाठी सांगलीत बिऱ्हाड केलं.

त्या जानेवारीत जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूनं मेलबर्नची स्पर्धा जिंकली आणि क्लबाच्या बाकावर वाद पेटला. हा एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणार का? मेलबर्न, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क? सेक्रेटरी लालासाहेबांनी मोबाइलवर बघून सांगितलं, की पुरुषांत १९६९ नंतर कुणाला जमलेलं नाही आणि बायकांत १९८८ नंतर. "म्हणजे आता जमायची वेळ आलीय," हे म्हणाले. भडंगाच्या पुड्यांवर पैजा लागल्या.

हरणाबाई जवळच नळी गुंडाळत होत्या. "चारी ठिकानची जमीन येकच आसती का वो?"

"छे! दोन ठिकाणी कडक, सिमेंटसारखी. पॅरिसला ही आपल्यासारखी लाल माती. लंडनला गवत," ह्यांनी सांगितलं.

"मग अवघड हाय."

"का?"

"गवतावर पाय सटाकतोय, मातीत घसरतोय, सिमिटावर गच्च बसतोय. जमीन बदलली म्हनून डोस्क्याला सांगता येतंय. गुडघ्याला कोन सांगनार?"

"वा! हरणाबाई, तुम्हीच जावा आता पॅरिसला, कोच म्हणून," लालासाहेब म्हणाले. सगळे हसले. त्याही हसल्या.

घरी आल्यावर ह्यांनी कॅलेंडरवर चार ठिकाणी लाल गोल केले. फेब्रुवारीत कोल्हापूर, एप्रिलमध्ये सांगली, मे अखेर सातारा, ऑक्टोबरमध्ये पुणे. राजेश्वरीच्या वयोगटातल्या चार मोठ्या स्पर्धा. "कोल्हापूर आपलं मेलबर्न, सांगली पॅरिस, सातारा लंडन. काय राजी, चारही?" ती हसली. मीही हसले. मला ते तेव्हा गोड वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

कोल्हापूर तिनं जिंकलं. सांगलीही जिंकली. साताऱ्याचं कोर्ट सिमेंटचं, म्हणून ह्यांनी सकाळी लाल मातीवर आणि संध्याकाळी सिमेंटवर असा दोन वेळचा सराव लावला. साधारण त्याच सुमाराला राजेश्वरी जिन्यावरून तिरकी उतरायला लागली. एका हातानं कठडा धरून. विचारलं, की म्हणायची, "काही नाही, आई." मला तेच ऐकायचं असायचं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिचा सराव संपला आणि हरणाबाईंनी मला खूण करून कोर्टावर बोलावलं. गोणपाट अजून फिरवलेलं नव्हतं.

"वैनी, हितं बघा. ताईचा डावा पाय."

ओलसर मातीत बुटाचा अख्खा तळ उमटला होता.

"आन ह्यो उजवा."

उजव्याची टाच नव्हतीच. नुसता चवडा, आणि त्याच्यामागं फरफटल्याची एक रेघ. पुढचा तसाच. त्याच्या पुढचाही. पार रेघेपर्यंत.

"पंदरा दीस बघतीया म्या. रोज पुसती आन रोज तसंच उमटतंय. दवाखान्यात दावा पोरीला. सातारला नेऊ नगा."

मी शिकलेली बाई आहे, मला ते ठसे वाचता येत होते. मी म्हणाले, "बघते मी. पण तुम्ही कुणाजवळ बोलू नका." साताऱ्याला तीन आठवडे उरले होते. तेवढं झालं की दाखवू, असं मी स्वतःला सांगितलं. ह्यांना सांगायचं म्हणजे घरात काय होईल, ते मला माहीत होतं.

हरणाबाई आठ दिवस गप्प राहिल्या. नवव्या दिवशी त्या सरळ बाकापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत ह्यांना म्हणाल्या, "सायेब, ताईचा पाय दुकावलाय. सातारला नेऊ नगा."

"तुम्हाला डॉक्टर कुणी केलं?"

"डाक्टर कशाला पायजे? वैनींना दावलंय की म्या. इचारा त्यास्नी."

हे माझ्याकडं वळले. लालासाहेबही वळले. "काय गं? दाखवलं होतं का तुला काही?"

पलीकडं राजेश्वरी सर्व्हिस मारत होती. चेंडूचा आवाज थांबला होता.

मी म्हणाले, "नाही. मला नाही काही दाखवलं."

हरणाबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. गोणपाट उचललं आणि कोर्टावर गेल्या.

दोन दिवसांनी लालासाहेबांनी त्यांना यायचं नाही म्हणून सांगितलं. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर मुलीचं मन खचवते, अशी ह्यांची तक्रार होती. नाव रजिस्टरात नव्हतंच, त्यामुळं खोडायचीही गरज पडली नाही.

साताऱ्याची फायनल तीन सेट चालली. शेवटचा पॉइंट मारून राजेश्वरीनं रॅकेट टाकली आणि ती जागच्या जागी खाली बसली. लोकांना वाटलं, आनंदानं बसली. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. येताना ह्यांच्या मांडीवर कप होता आणि माझ्या मांडीवर तिचा पाय.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "घोट्याच्या हाडाला जुनी चीर होती. आता आरपार गेलीय. महिनाभर आधी आणलं असतं, तर विश्रांतीवर भागलं असतं." आता दोन स्क्रू बसवलेत. खेळाचं विचारलं, तर म्हणाले, आधी नीट चालू दे.

पुढच्याच आठवड्यात तो पहिल्या नंबरचा खेळाडू पॅरिसला हरला. लालासाहेबांना भडंगाच्या सहा पुड्या मिळाल्या.

ऑगस्टमध्ये मी आष्ट्याला गेले. हरणाबाई आता तिथंच भाचीकडं राहत होत्या आणि गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायचं काम करत होत्या. मला बघून हात पदराला पुसत उठल्या.

"ताईचा पाय कसा हाय?"

मी सांगितलं. मग जे ठरवून गेले होते, तेही बोलले. की मी कमिटीपुढं खरं सांगते, लेखी देते, तुम्ही परत या.

"आन आता? पाय जुळतोय का त्यानं?" त्या पुन्हा पिशव्यांपाशी बसल्या. "त्यो जिकला का वो चारी?"

"नाही. पॅरिसला हरला. मातीवर."

"बरं झालं. सुटला." दोन पिशव्या भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "येक सांगू का, वैनी? त्या दिशी ठसं दावाया म्या आपनहून नव्हतं बोलावलं तुमास्नी. ठसे म्या बघितलं, खरं हाय. पर पयलं ताईलाच इचारलं. रडली पोर. म्हनली, बाबांना नगं सांगूस, आईला दाव. आई ऐकती माजं."

परत यायला संध्याकाळ झाली. राजेश्वरी स्टुलावर पाय ठेवून गणितं सोडवत होती. कॅलेंडरवर पुण्याचा लाल गोल तसाच आहे, ह्यांनी तो काढलेला नाही.

"हरणाबाई भेटल्या?"

"हो. पाय कसा आहे, विचारत होत्या."

तिनं वहीतून मान वर केली नाही. मी तिच्या पायापाशी बसले. घोट्याजवळ सूज दिसत होती.

"दुखतंय का गं?"

"काही नाही, आई."