आत्याच्या विहिरीचं पाणी

वुराओला कसायाची मुलगी. नायजेरियातल्या इबादान शहरात ज्या कत्तलखान्यात तिच्या वडिलांनी हयातभर सुरी चालवली, त्याच्या मागच्या ओढ्याचं पाणी तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला पाठवू या." ती म्हणाली, "दुसऱ्याला आत घेतील का ते?"

खालच्या वस्तीतून टायफॉइड हटत नव्हता, म्हणून ही तपासणी. मीही तिच्याबरोबर गेलो. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता आणि पत्र्यांवर गिधाडं बसली होती. रक्त, शेण, आतड्यातला चोथा, सगळं एकाच गटारातून ओढ्यात जात होतं. काठावर टायर पेटवून त्यावर कातडी भाजत होते, पोन्मोसाठी. भाजून शिजवलेली ही कातडी आम्ही सगळेच आवडीनं खातो. राख पाण्यात सरकत होती.

"काय गं, पाणी चाखायला आलीस?" एक कसाई ओरडला. "मीठ कमी असलं तर सांग!"

तीही हसली आणि बाटल्या भरत राहिली.

कत्तलखान्याच्या भिंतीला लागूनच तिच्या आत्याचं, इया सिकिरातचं अंगण. आई गेल्यावर वुराओलाला तिनंच वाढवलेलं. आत्यानं विहिरीतून पाणी शेंदून भांडं पुढे केलं. भांडं हातात थरथरत होतं. वुराओलानं ते ओठांपर्यंत नेलं, थांबली आणि बाटलीत ओतलं.

"माझ्या घरचं पाणी तपासतेस?" आत्या हसली. "त्यापेक्षा एखादा नवरा तपासून आण!"

गटाराच्या पाण्यात जंतू निघणार हे ठाऊकच होतं. पण विहिरीचं पाणी घातलेल्या, जंतू वाढवायच्या काचेच्या तबकडीत भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी चकाकी उगवली होती. म्हणजे शेणातले जंतू. दुसऱ्या तबकडीत काळे ठिपके होते, टायफॉइडच्या जातीचे. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून आम्ही पुन्हा पाणी आणलं. पुन्हा तेच. मग धातूंचा अहवाल आला. पाण्यात शिसं होतं, ओढ्याकाठच्या टायरच्या राखेत होतं तसंच.

"आत्याचा हात थरथरतो, पोटात कळा येतात," वुराओला हळूच म्हणाली. "आम्ही म्हणत होतो, वय झालं." मग ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

ती सांगायला गेली तेव्हा आत्या भडकली. "हळू बोल! हे बाहेर गेलं तर आमचं मांस कोण घेईल? तुझ्या बापाची शेवटची अंघोळ याच पाण्यानं झाली. तेव्हा चांगलं होतं ना?"

"तेव्हाही वाईटच असेल, आत्या. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं."

आत्यानं दार लावून घेतलं. वुराओला विकतचं पाणी दारात ठेवून यायची. आत्या ते कोंबड्यांना पाजायची.

मग आत्याला ताप आला. मलेरियाच असेल म्हणून ती काढे पीत राहिली. पोट फुगून दगडासारखं झालं तेव्हा शेजारच्यांनी इस्पितळात नेलं. टायफॉइडनं आतड्याला भोक पडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण ती शुद्धीवर आली नाही.

मयताला अंघोळ घालायला वुराओलानं दुरून पाणी मागवलं. पिंपं उचलायला कसाईच पुढे आले. कुणी थट्टा केली नाही. दफन झाल्यावर त्यांच्या म्होरक्यानं, अल्हाजी मुफ्तावनं, विहिरीवर सिमेंटची लादी बसवली आणि टायर जाळणं बंद केलं. गटाराचं मात्र त्याच्या हातात नव्हतं. ते वाहतच राहिलं.

आम्हाला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

खात्री करून घ्यायची म्हणून वुराओलानं रस्त्यापलीकडच्या शाळेच्या बोअरचं पाणी आणलं. बोअर खोल, खडकातली. सगळी वस्ती तिच्यावर विसंबून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तबकडी उचलून उजेडात धरली आणि माझ्याकडे सरकवली. काळे ठिपके.

आम्ही पळतच शाळेत गेलो. मधली सुट्टी झाली होती आणि नळापाशी झुंबड होती. वुराओला मुलांना बाजूला सारत आत घुसली, नळ बंद केला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"सरका ना, आंटी, तहान लागलीय," एक मुलगी म्हणाली. तिचे ओठ ओलेच होते.