सज्ज्याखालचे मोर साफ!

आमच्या दुकानाचं नाक मी खास सुतार बोलावून कापून घेतलं.

नाक म्हणजे सज्जा. जुन्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान. बाकीच्यांनी आपापली कोरीव लाकडं केव्हाच चकचकीत पत्र्याआड गाडली (गल्ली आता ओळीने मांडलेल्या फ्रीजसारखी दिसते!). सागवानी मोर-पोपट उरले होते ते फक्त आमच्या सज्ज्याखाली, तेही धुळीत आणि कबुतरांच्या कृपेत बुडालेले. वरच्या खोलीत बापू, म्हणजे माझे वडील. आई त्याच खोलीत वारली. तेव्हापासून बापूंनी ती सोडली नव्हती.

मग रस्ता रुंदीकरण आलं. सज्जा, खोली, सगळं पाडणार! पालिकेचे साहेब म्हणाले, "कोरीवकाम खरंच जुनं असेल तर वाचवू. उद्या बघायला येतो. पण दिसलं पाहिजे."

दिसलं पाहिजे! मी तडक ब्राह्मणपुरीहून रमण मिस्तरीला गाडीवर घालून आणलं.

"मिस्तरी, हाई लाकूड एकदम साफ करी दे."

"कितलं साफ, भाऊ?"

"हात फिरावा तर काहीच लागाले नको!"

एवढं बजावून मी बापूंना घेऊन तापीकाठी प्रकाशा तीर्थाला गेलो, सज्जा वाचू दे म्हणून महादेवाला साकडं घालायला. (देवाला कामाला लावलं, सुताराकडे बघायला कोणी ठेवलं नाही.)

परतलो तर दुकानासमोर ही गर्दी! सुताराच्या भाषेत लाकूड साफ करणं म्हणजे रंधा मारणं, हे ज्ञान मला त्या गर्दीनेच दिलं. सज्जा आरशासारखा गुळगुळीत!

"मन्हा मोर कोठे गयात?" बापूंनी मान वर करून विचारलं.

मिस्तरी खूश. "दखा बापू, हात फिरावा. लागस का काही?"

बापूंनी खरंच हात फिरवला. फिरवतच राहिले. मला मेल्याला भर बाजारात रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "कोरीवकाम कुठंय?"

मी रंध्याने निघालेल्या ढलप्यांची गोणी उघडली. "यात आहे, साहेब."

साहेबांनी गोणीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सरस लावून चिकटवतो ना, साहेब!" मी म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि जेसीबीवाल्याला खूण केली. सज्जा गेला, मागोमाग आईची खोली गेली. बापू रस्त्यावर खुर्ची टाकून शेवटपर्यंत बघत बसले.

आता ते मागच्या पडवीत झोपतात. ती गोणी फेकवेना आणि बघवेनाही. शेवटी थंडी पडली तशी मीच ती बंबाला लावली. रोज सकाळी अंघोळीला बसले की बापू विचारतात,

"आज कशावर पाणी तपनं रे? मोर का पोपट?"

"बहुतेक मोर, बापू," मी म्हणतो, आणि बादली पुढे सरकवतो.