स्क्रीनवरचा गमछा

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली होती, आणि आताशा ती टकटक आवाजही करायला लागली होती. बायकोच्या भरतकामाची सगळी डिझाइनं तिच्यातच होती, दुसरीकडे कुठेच नाही. सगळं मोठ्या डिस्कवर हलवून घ्यायला मी शहरातल्या बूढापारा भागातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्यासारखा वऱ्हाडातलाच निघाला.

त्याने दोन्ही डिस्क जोडल्या, कॉपी सुरू केली आणि खांद्यावरचा गमछा काढून स्क्रीनवर टाकला. किती झालं ते दिसेना. मी गमछ्याकडे हात नेला.

"राहू द्या भैया," तो म्हणाला. "आकडा अडला की गिऱ्हाईक घाबरते, अन् वायर हलवून पाहते. पाहिल्यानं जल्दी नाही होत."

मग तो निवांत एक प्रिंटर उघडत बसला. त्याच्या निवांतपणाचा मला राग आला. टकटक वाढली होती. बायकोचा फोन आला म्हणून मी बाहेर गेलो आणि काचेतून आत पाहिलं. तो उठला होता. श्वास रोखून त्याने गमछ्याचा कोपरा उचलला, डोकावला आणि घाईने पुन्हा झाकला.

मी आत आलो तेव्हा तो प्रिंटरवर वाकून मघाशी काढलेलाच स्क्रू परत बसवत होता.