घडी न मोडलेली साडी

शनिवारी दुपारी आम्ही सातजणी जमतो आणि कापडाच्या वह्या करतो. पानं जुन्या कापडांची. त्यांवर लेस, बटणं, जुन्या पत्रांचे तुकडे चिकटवायचे, रंग लावायचे आणि वरून टाके घालायचे. प्रत्येकीच्या पिशवीत कुणाचं तरी वापरून विरलेलं काहीतरी असतं.

परवा वसुधाताईंनी मात्र कोरी रेशमी साडी काढली आणि थेट पदरालाच कात्री लावली. मी ओरडलेच, "अहो ताई, अजून घडीसुद्धा मोडलेली नाहीये!"

"पंचाहत्तरीला लेक येणार होती. ती आली नाही, ही आली," त्या म्हणाल्या. "नेसून दाखवू कुणाला?"

वापरलेल्या कापडात सुई अलगद शिरते. अंगाच्या उबेनं, धुण्यानं, उन्हानं ते मऊ झालेलं असतं. कोऱ्या कापडाला यातलं काहीच ठाऊक नसतं. आपण एकमेकांना वस्तू पाठवतो आणि आठवणी आपोआप तयार होतील असं धरून चालतो. त्या होत नाहीत. त्यासाठी माणूस समोर असावं लागतं.

पान सुरेख झालं. सगळ्यांच्या आग्रहानं ताईंनी त्याचा फोटो लेकीला पाठवला. उत्तर लगेच आलं. चष्मा सावरून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "मस्त गं आई! एवढं छान कापड कुठे मिळालं?"

ताईंनी एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, "इथेच, बाजारात."