सूर्येला पूर आला, मला कळवलं नाही

मंडळी, आमच्याकडे चार दिवस उघडीप होती, तरी आज सकाळी सूर्या नदीला पूर आला. पाऊस वर जव्हारकडे पडला होता.

शेजारच्या रमेशची सासुरवाडी तिकडेच. पाणी वाढलं की तिथून त्याला फोन येतो, तो मला हाक मारतो आणि आम्ही दोघं मिळून काठावरची आमची पाण्याची इंजिनं वर आणतो. इतकी वर्षं असंच चाललंय.

आज मी पोचलो तेव्हा माझं इंजिन वाहून गेलं होतं. त्याचं बांधावर होतं, कोरडं.

"मला का नाय सांगितला?"

"घाईत राहून गेला रे."

पण ते इंजिन एकट्याने उचललंच जात नाही. म्हणजे त्याने कुणाला तरी बोलावलं होतं. मला नाही.

उद्या शेतात तोच समोर येणार. तुम्ही असता तर काय बोलला असता?